शेवटी पडणारा

केमी गेल्याची बातमी आली तेव्हा देदू मेलेला होता. म्हणजे देवळामागच्या वाळूत हात पसरून, तोंड एका बाजूला करून पडला होता, आणि त्याच्या टोळीतले बाकीचे गडी त्याच्या भोवती तसेच पडले होते. नदीला पूर होता. विटा पाडायचं काम बंद होतं. पूर ओसरला की ओसायरिसची मिरवणूक निघायची, आणि दरवर्षी या दिवसांत त्यांचा मरायचा सराव चाले.

अब्जू गावात प्रत्येक घराला मिरवणुकीतलं काम ठरलेलं होतं. कोणी देवाची होडी खांद्यावर घेई, कोणी वाट उघडणाऱ्या कोल्ह्याचं निशाण धरी, कोणी धूप जाळी. देदूचं घराणं सेतच्या बाजूचं. सेतने सख्ख्या भावाला, ओसायरिसला मारलं, म्हणून मिरवणुकीत सेतची माणसं देवाच्या होडीवर चाल करून येत, ओसायरिसचा मुलगा होरस, त्याच्या माणसांच्या काठ्या खात आणि वाटेतच पडत. ती पडली की होडी पुढे निघे, थेट वाळवंटात, पेकेरला, देवाच्या थडग्यापर्यंत.

बाहेरून आलेल्या यात्रेकरूंना वाटे, हे हरणाऱ्याचं काम, कोणातरी गरिबाच्या गळ्यात पडलेलं असणार. देदूच्या आजोबांसमोर कोणी तसं बोललं तर ते त्याला बसवून घेत. नदीचा वरचा आणि खालचा, दोन्ही देश एक करणारा पहिला राजा मेनी हा शेजारच्या तिनी गावचा, आपल्याकडचाच. त्याने मिरवणूक सुरू केली तेव्हा जिंकायला सगळे पुढे झाले, हरायला कोणी येईना. राजा खट्टू होऊन बसला, तेव्हा आपला पूर्वज उठून म्हणाला, मी हरतो, पण नीट हरतो. खरं-खोटं कसं कळायचं, असं कोणी विचारलं की आजोबा वाळवंटाकडे बोट दाखवत. राजा तिकडेच झोपलाय, जाऊन विचार, म्हणत.

तर देदू असा पडलेला असताना धक्क्यावरून एक होडीवाला आला. खालच्या अंगाला, खेंत-मिनला, एक मोठा जमीनदार वारला होता आणि त्याच्यासाठी रडायला देदूच्या बायकोला, केमीला बोलावणं होतं. होडीवाल्याने विचारलं, देदू कोण. देदूचा चुलतभाऊ खूई, ज्याला मेल्यावरही गप्प राहता येत नसे, तो पडल्या पडल्या म्हणाला, "तो काय. सगळ्यात जास्त मेलेला."

होडीवाला हसला नाही. त्याने सांगून टाकलं. त्या घरच्या अंगणात अनवाणी उभी राहून रडत असताना केमीला विंचू चावला. मंत्र झाले, दूध पाजलं, काही उपयोग झाला नाही. त्या घरच्यांनी स्वतःच्या माणसासारखं, अंग टिकावं म्हणून तिला खारात ठेवलंय आणि दिवस भरले की होडीने आणून पोचवतील.

एकेक गडी अंग झटकत उठला. देदू उठला नाही. खूईला वाटलं, त्याच्या कानावर गेलं नसेल. त्याने देदूच्या पायाला पाय लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, ऊठ. हा सराव नव्हे."

देदूला सगळं ऐकू आलं होतं. उठून उभं राहायचं म्हणजे ते खरं आहे असं मानायचं. ऊन तापेपर्यंत तो तसाच पडून राहिला. बाकीचे त्याच्या भोवती सावली धरून उभे राहिले.

केमी अब्जूची मोठी घार होती. ओसायरिसला मारून टाकल्यावर आयसिसने घारीचं रूप घेतलं आणि नवऱ्याला शोधत ती देशभर ओरडत फिरली. म्हणून मिरवणुकीत आयसिस होऊन रडणारीला मोठी घार म्हणत आणि तिची बहीण नेफ्थिस होणारीला धाकटी घार. केमीचा आवाज गावाच्या एका टोकाला सुरू झाला की दुसऱ्या टोकाला भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात थांबत. यात्रेकरू पुढच्या वर्षी परत आले की आधी विचारत, तीच बाई आहे ना. घरी मात्र ती हळू बोले. गळा जपायला रात्री खजूर भिजत घाली आणि सकाळी ते पाणी पिई. उरलेले खजूर देदू खाई.

गावाला या जोडप्याची थट्टा करायला फार आवडे. बायको देवी, नवरा देवाचा वैरी, आणि दोघं एकाच टोपलीतली भाकरी खातात. भांडण झालं की जिंकतं कोण, असं खूई विचारी. देदू म्हणे, मला हरायची सवय आहे. आणि दरवर्षी मिरवणुकीत, देदू वाटेत मरून पडलेला असे तेव्हा, केमी होडीच्या बाजूने रडत येई आणि त्याच्याजवळून जाताना पायाच्या अंगठ्याने त्याच्या बरगडीत टोचे. लोकांना वाटे, देवी वैऱ्याला लाथ मारते. घरी आल्यावर ती सांगे, "पोट हलत होतं तुझं. मेलेला माणूस एवढा श्वास घेतो का?"

मूलबाळ झालं नाही. त्याचं दोघांनाही वाईट वाटून गेलं होतं आणि मग सवय झाली होती.

केमी होडीतून आली ती कापडात गुंडाळलेली. तिला गावामागच्या वाळूत पुरलं. धाकटी घार हेनूत, सख्खी नव्हे पण मिरवणुकीतली तिची बहीण, रडली, चांगली रडली, पण दोघींचं रडणं एकीने रडावं तसं ते अर्धं वाटलं. देदूने दाढी वाढवली. घरात पाणी ओतताना हाताला दोन वाट्या येत आणि एक परत ठेवावी लागे. विटांचा चिखल तुडवायला मिळाला असता तर बरं वाटलं असतं, पण पूर अजून उतरला नव्हता.

मग तो दगडाच्या मागे लागला.

देवळापासून वाळवंटाच्या नाळेपर्यंत, म्हणजे कोरड्या घळीपर्यंत जी वाट जाते तिच्या कडेने थोर देवाचा ओटा आहे. लहानमोठ्या कोनाड्यांतून तिथे दगड उभे असतात, ज्याचा दगड त्याचं नाव त्यावर. वर्षातून एकदा देव तिथून जातो. धुपाचा वास दगडाला लागतो, आणि ज्याचं नाव तिथे आहे तो मेलेला माणूस उठून देवाबरोबर चार पावलं चालतो. देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून लोक तिथे दगड पाठवतात. केमी जन्मभर त्या वाटेने रडत चालली होती. तिचं नाव त्या वाटेवर नसलं तर कोणाचं असावं, एवढंच देदूच्या डोक्यात होतं.

मिरवणुकीची व्यवस्था पाहणारा पुजारी इंतेफ हा सरळ माणूस होता. देदूला त्याने दारात उभं ठेवलं नाही. आत बसवलं, जवाची दारू दिली. केमीच्या दगडाला जागा द्यायची यात प्रश्नच नाही, म्हणाला. फक्त ओट्यावर पुढच्या बाजूला तीळभर जागा उरलेली नाही, तिथे राजाच्या खजिनदारांचे आणि सेनापतींचे कोनाडे आहेत. अगदी शेवटी, जिथे वाट नाळेत उतरते तिथे जागा आहे. देदूने मान डोलावली.

मग इंतेफ थोडा अडखळला. दगडावर मेलेल्या माणसाच्या नावाखाली आणखी एक ओळ असते, त्याचं नाव जिवंत ठेवणाऱ्याची. तो माणूस वर्षानुवर्षं भाकरी आणि पाणी ठेवणार, नाव मोठ्याने उच्चारणार. ती ओळ नसेल तर दगड उभा करता येत नाही. आणि सेतच्या बाजूने पडणाऱ्याचं नाव देवाच्या वाटेवर कोरायचं नाही, हा नियम त्याच्या पणजोबांच्याही आधीचा. नाव कोरलं की तो माणूस तिथे कायमचा उभा राहिला. देवाच्या वाटेवर देवाचा वैरी कसा उभा करायचा?

देदूला नियम ठाऊक होता. त्याच्या घराण्यात कोणाचाही दगड ओट्यावर नव्हता, आणि त्याचं कधी कोणाला काही वाटलं नव्हतं.

इंतेफने त्यावर उपायही काढून ठेवला होता. देदूने टोळी सोडावी. दाढी-डोकं भादरून, नदीत अंघोळ करून शुद्ध व्हावं, आणि यंदापासून देवाची होडी खांद्यावर घ्यावी. एक जागा रिकामी आहे. टोळी खूई सांभाळेल. म्हणजे केमीच्या नावाखाली देदूचं नाव राजरोस येईल. एवढा मान विटा पाडणाऱ्याला आजवर कोणी दिला नव्हता, आणि इंतेफ तो मनापासून देत होता. देदूने विचार करायला वेळ मागितला.

गावात कोणालाच विचार करण्यासारखं काही दिसेना. खूई तर म्हणाला, मी तुझ्या जागी असतो तर अंघोळ एव्हाना झाली असती. शेजारणी येऊन सांगून गेल्या, केमीला किती बरं वाटेल, नवऱ्याचा खांदा देवाच्या होडीखाली.

देदू दगडाची जागा बघायला एकटाच ओट्यावर गेला. देवळाच्या दारापासून तो हळूहळू चालत निघाला. मोठ्या लोकांचे कोनाडे पुढेच होते, पांढऱ्या चुनखडीचे, सावलीदार. त्यांच्यासमोरच दरवर्षी लढाई होई. सेतची माणसं तिथेच पडत, शेवटचा वैरी पडेपर्यंत होडी तिथे थांबून राही, आणि तेवढा वेळ धुपाचा लोट त्या कोनाड्यांत शिरत असे. नंतर होडी उचलली की भोई जे निघत ते थेट नाळेत. उताराला लागल्यावर खांद्यावरचं ओझं आपोआप पळवतं. धूप तोवर विझत आलेला असे. केमी नेहमी कुरकुरायची, ओट्याच्या शेवटाला मला पळावं लागतं रे, रडू का पळू.

आणि केमीचा दगड तिथेच उभा राहणार होता, जिथे देव पळत जातो.

तो त्या जागेवर बराच वेळ उकिडवा बसला. होडीखाली खांदा दिला तर तोही तिच्यासमोरून पळतच जाणार होता. भोई होडी थांबवू शकत नाही, निशाणवाला थांबवू शकत नाही, इंतेफसुद्धा थांबवू शकत नाही. देवाला थांबवतो तो शेवटी पडणारा. आणि टोळीचा म्होरक्या म्हणून शेवटी पडायचा मान देदूचा होता. कुठे पडायचं हे कोणी कधी ठरवलेलं नव्हतं. सगळे दारापाशी पडत, कारण तिथे सावली होती आणि लवकर सुटका होई.

दुसऱ्या दिवशी त्याने इंतेफला नाही म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. आमचं घराणं हरत आलंय, मीही हरेन, एवढंच म्हणाला. इंतेफला राग आला नाही, वाईट वाटलं. मग दगड राहिला, म्हणाला.

ते हेनूतला कळलं तेव्हा ती कांदे आणि सुकी मासळी घेऊन आली आणि उंबऱ्यातूनच बरसली. तिचं तोंड गावाला माहीत होतं.

"भावोजी, मार खायची एवढी चटक लागलीय का? तिचं नाव वाऱ्यावर सोडणार तुम्ही, त्या पोरकट काठ्यांपायी?"

देदूने तिला बसवलं आणि मनातलं सगळं सांगितलं. हेनूत ऐकत गेली. ऐकून झाल्यावर तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, वेडे आहात. मग म्हणाली, तिथपर्यंत उभे राहाल का, वय काय तुमचं. आणि उठताना, त्याच्याकडे न पाहता, तिने विचारलं,

"नाव जिवंत ठेवायला बहीण चालते ना? इतकी वर्षं दर मिरवणुकीला सगळ्या देशासमोर मी तिची बहीण म्हणून रडले. देवाला चाललं. पुजाऱ्याला न चालून सांगतो कोणाला?"

ती तशीच देवळात गेली. आत काय बोलणं झालं ते दोघांनीही कोणाला सांगितलं नाही, पण बाहेर झाडणाऱ्यांना हेनूतचा आवाज ऐकू येत होता आणि इंतेफचा येत नव्हता. संध्याकाळपर्यंत परवानगी मिळाली. दगडावर केमीचं नाव आलं, तिच्या आईचं नाव आलं, अब्जूची मोठी घार असं आलं, आणि खाली, तिचं नाव जिवंत ठेवणारी तिची बहीण हेनूत. कोरणाऱ्याला देदूने त्याखाली एक ओळभर जागा गुळगुळीत करून सोडायला सांगितली.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळपासून वाट माणसांनी भरली. राजधानीहून खजिनदाराबरोबर शिपाई आले होते. होरसच्या बाजूने लढायची त्यांना हौस होती, आणि अब्जूची रीत त्यांना ठाऊक नव्हती. गावची माणसं काठी उगारतात जोरात आणि लावतात हळू. शिपायांनी दोन्ही गोष्टी जोरात केल्या. खूईला पहिल्याच फटक्याला खांद्यावर वळ उठला आणि तो ठरल्यापेक्षा लवकर मेला. पडता पडता त्याने शिपायाच्या आईचा उद्धार केला, आणि पुढे बसलेले यात्रेकरू हसले.

एकेक करत टोळी पडली. चुनखडीच्या कोनाड्यांसमोर सगळे पसरले. देदू उरला. निशाणावरचा कोल्हा पुढे आला, भोई खांदे बदलत थांबले, धूप धरणाऱ्यांनी भांडी उचलली. सगळे त्याच्या पडण्याची वाट पाहत होते.

देदू एक पाऊल मागे सरला.

शिपायांना मौज वाटली. ते चालून आले. देदूने काठी आडवी धरून मार झेलला आणि आणखी मागे गेला. वैरी मागे सरला म्हटल्यावर कोल्ह्याला पुढे यावं लागलं, कोल्ह्यामागे होडीला. पायांखालच्या मेलेल्यांना चुकवत भोई पुढे आले. धुपाचे लोट त्यांच्यासोबत आले. खजिनदारांचे कोनाडे मागे पडले. सेनापतींचे मागे पडले. जिथे आजवर धूप पोचला नव्हता त्या लहान लहान दगडांसमोरून होडी संथ चालू लागली, कारण वैरी संथ मागे हटत होता. तिथे बसलेल्या गरीब यात्रेकरूंना, ज्यांनी मातीच्या भांड्यावर आपल्या माणसाचं नाव लिहून ठेवलं होतं, आधी काही कळेना. मग ते उठून उभे राहिले.

देदूची काठी मोडली. डाव्या हाताला फटका बसला तेव्हा आत काहीतरी वाजलं आणि तो हात खाली लोंबला. तो वाकला, पण केमीचा दगड अजून मागे होता, वाट नाळेत उतरते तिथे, म्हणून तो पुन्हा सरळ झाला. एक शिपाई दमून म्हणाला, म्हातारबा, पडा की आता. देदूला हसू आलं. त्याचं पडणं हे त्या दिवशी सगळ्या देशाला हवं होतं, आणि ते फक्त त्याच्या हातात होतं. मेनी राजापुढे उठून उभ्या राहिलेल्या त्या पूर्वजाला असंच वाटलं असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. नीट हरायचं म्हणजे काय ते त्याला कळलं होतं.

पाठ दगडाला लागली. थंड दगड. त्याने मान वळवून पाहिलं, कोरलेल्या खुणा त्याला वाचता येत नव्हत्या, पण दगड ओळखता येत होता. मग तो पडला. चांगला पडला, हात पसरून, तोंड एका बाजूला करून.

होडी थांबली. रीतीप्रमाणे भोयांनी ती सोबतच्या लाकडी घडवंचीवर टेकवली, इंतेफने पुढे येऊन धूप घातला, आणि धूर देदूवरून जाऊन केमीच्या दगडात शिरला. भरपूर धूर होता. ज्याला एरवी पळत जावं लागे तो देव तिथे उभा राहिला. हेनूत होडीच्या बाजूला होती. यंदा ती मोठी घार होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. ती रडायला लागली आणि त्या वेळी तिचा आवाज अर्धा वाटला नाही. गर्दीत कोणीतरी पहिल्यांदा केमीचं नाव घेतलं. मग ओट्याच्या त्या टोकाचे सगळे लोक ते घेऊ लागले, ज्यांनी तिला ऐकलं होतं तेही आणि ज्यांनी नव्हतं तेही.

देदूने श्वास अगदी बारीक ठेवला. बरगडीत कोणी टोचलं नाही.

पेकेरहून देव परतल्यावर इंतेफ त्याच्या घरी आला. वैद्याने हात फळीला बांधला होता. इंतेफने फळीकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "यंदा वैरी फार चिवट निघाला."

"घराणं तसं आहे," देदू म्हणाला.

इंतेफ हसला. जाताना त्याने पुन्हा विचारलं, होडीखालची जागा अजून रिकामी आहे, पुढच्या वर्षी तरी येणार का. तू आलास की दुसऱ्या दिवशी तुझं नाव दगडावर. देदूने नाही म्हटलं. पुढच्या वर्षीही देवाला तिथे थांबवायचं होतं, आणि हात तोवर बरा होईल असं वैद्य म्हणत होता. खूईने, उताणं झोपता येत नसतानाही, गावभर सांगायला सुरुवात केली होती की आता आमची टोळी ओट्याच्या शेवटाला पडते, सावली नसली तरी चालेल.

देदू दर दिवसाआड दगडापाशी जातो, भाकरी ठेवतो, पाणी ओततो आणि केमीचं नाव मोठ्याने घेतो. हेनूतच्या ओळीखालची जागा गुळगुळीत आहे. त्याचं नाव तिथे अजून कोरायचं आहे.